सर्पदंशाची लस खरोखर किती चालते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की हे प्रश्न हमखास येतात. कधी सर्पमित्र विचारतात, कधी आशाताई, बऱ्याचदा वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक. उत्तरे देताना महाराष्ट्र आणि गोवा डोळ्यांसमोर ठेवला आहे. साप चावलेला माणूस आत्ता समोर असेल तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा, चावलेला हात किंवा पाय फार हलू देऊ नका, करकचून दोरी बांधू नका आणि लस असलेला दवाखाना गाठा.

लस चालते का? एका शब्दात सांगा.

चालते. घोणस किंवा फुरसे चावून रक्त गोठायचे थांबलेला माणूस लस दिल्यावर काही तासांत सावरतो, हे ग्रामीण रुग्णालयांत दर पावसाळ्यात दिसते. लसीला दुसरे औषध पर्याय नाही. पण 'चालते का' एवढाच प्रश्न अपुरा आहे. कोणत्या सापावर, कुठल्या मुलखातल्या सापावर, विषाच्या कोणत्या परिणामावर आणि किती कुप्यांत, हे चार प्रश्न पाठोपाठ विचारले तरच उत्तराला अर्थ येतो.

आपल्याकडे ही लस कोण बनवते?

भारतात मिळणारी लस भारतातच बनते, आणि त्यातली बरीचशी महाराष्ट्रात. सरकारी हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळ आहे, अंबरनाथचे भारत सीरम्स आहे, जुन्नर तालुक्यात नारायणगावचे प्रीमियम सीरम्स आहे. बाहेर तेलंगणात विन्स आणि बायॉलॉजिकल ई.

पद्धत सगळ्यांची साधारण सारखीच. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस वाढवत नेतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाला चिकटून ते निकामी करणारी प्रथिने, तयार झाली की रक्त काढतात, पेशी वेगळ्या करून घोड्याला परत देतात आणि रक्तद्रव शुद्ध करतात. पेप्सिन वापरून प्रतिपिंडाचा शेपटीकडचा भाग तोडला जातो, म्हणजे माणसाच्या शरीराला परके असे प्रथिन थोडे कमी जाते. एकाच कुपीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्धची प्रतिपिंडे असतात. म्हणूनच कोणता साप चावला हे कळले नाही तरी उपचार अडत नाही. साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणण्याचीही गरज नाही. त्या खटपटीत दुसऱ्याला चावा बसलेला पाहिला आहे.

घोड्यांना द्यायचे विष कुठून येते?

बहुतांश एकाच ठिकाणाहून. तमिळनाडूत मामल्लपुरमजवळ वडनेम्मेली येथे इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. सापाच्या कातड्यांच्या व्यापारावर बंदी आल्यावर या लोकांचे पोट गेले होते. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांच्या त्याच कौशल्याला नवे काम मिळाले. साप पकडायचा, काही आठवडे ठेवायचा, ठरावीक वेळा विष काढायचे आणि पुन्हा सोडून द्यायचा. या समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लसीच्या गोष्टीत घोड्याचे आणि कंपनीचे नाव येते, यांचे येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

कुपीवर '०.६ मिग्रॅ' असे लिहिलेले असते. तो कसला आकडा?

एक मिलिलिटर लस त्या सापाचे किती विष निष्प्रभ करते, हे तिथे लिहिलेले असते. नाग आणि घोणस यांच्यासाठी ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरसे यांच्यासाठी ०.४५. कुपी १० मिलिलिटरची, म्हणजे एका कुपीत घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष हाताळण्याची ताकद. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असे मोजमापांतून दिसले आहे. कधी ५, तर कधी १४७ पर्यंत. सुरुवातीला ८ ते १० कुप्या का देतात, त्याचे गणित हेच. दहा कुप्या म्हणजे ६० मिलिग्रॅम.

लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या. औषध वजनावर ठरते ही आपली सवय इथे उपयोगाची नाही, कारण सापाने मुलाला चावताना विष कमी सोडलेले नसते. उलट तेच विष छोट्या शरीरात पसरलेले असते. 'दोन कुप्या देऊन बघू' हा मध्यममार्ग मात्र कुठल्याच गणितात बसत नाही.

हा आकडा काढतात कसा?

उंदरांवर. आधी ठरवायचे की १८ ते २० ग्रॅमच्या उंदरांपैकी निम्मे मरतील एवढे विष किती. त्याच्या साधारण पाचपट विष घ्यायचे, त्यात लसीच्या वेगवेगळ्या मात्रा मिसळायच्या, मिश्रण ३७ अंश सेल्सियसला अर्धा तास ठेवायचे आणि शेपटीच्या शिरेतून टोचायचे. २४ तासांनी किती उंदीर जिवंत राहिले ते मोजायचे. निम्मे वाचतील ती मात्रा म्हणजे लसीची ताकद. भारतीय औषधसंहिता हीच कसोटी मानते, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही मूळ कसोटी हीच आहे. बॅच बाजारात येण्याआधीच्या सरकारी तपासणीसाठी कसौलीची केंद्रीय औषध प्रयोगशाळा आहे.

मग या चाचणीत खोट काय?

चाचणी खोटी नाही, पण ती एका फार सोयीच्या प्रश्नाचे उत्तर देते.

काचेच्या नळीत विष आणि लस आधीच एकत्र आणलेली असतात. शेतात तसे होत नाही. विष पायात शिरते, तिथल्या मांसात आणि रक्तवाहिन्यांत काम सुरू करते आणि लस दोन-चार तासांनी हाताच्या शिरेतून येते. तोवर जे बिघडले ते बिघडलेच. चावलेल्या जागेचे मांस सडणे लस फारसे थांबवू शकत नाही, त्याचे हे एक कारण.

दुसरे असे की उंदीर मेला की वाचला, एवढेच मोजले जाते. माणसाच्या बाबतीत घोणशीचा चावा म्हणजे हिरड्यांतून रक्त, लघवी बंद, डायलिसिस. फुरशाच्या चाव्यात माणूस दोन दिवस बरा दिसतो आणि मग रक्तस्राव होतो. हे परिणाम मोजायला वेगळ्या चाचण्या आहेत. रक्तस्राव घडवणारी, रक्त गोठवणारी, त्वचा मारणारी किमान मात्रा काढायची आणि लस ती किती अडवते ते पाहायचे. जागतिक आरोग्य संघटना त्यांना पूरक चाचण्या म्हणते. माझ्या मते आपल्या चार सापांपैकी दोन, घोणस आणि फुरसे, हे व्हायपर म्हणजे रक्त बिघडवणाऱ्या विषाच्या कुळातले असताना त्या पूरक म्हणून बाजूला राहू नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोजणीसाठी वापरलेले विष कोणते? ज्या विषावर घोडे तयार केले त्याच विषावर लस तपासली, तर ती ज्या पुस्तकातून शिकवले त्यातलेच प्रश्न काढलेली परीक्षा झाली. पास होणारच. प्रश्न असा की बारामतीच्या उसातली घोणस किंवा देवगडच्या कातळावरचे फुरसे त्याच पुस्तकातले आहे का.

तमिळनाडूच्या विषावर बनलेली लस महाराष्ट्रात कमी पडते का?

या प्रश्नावर कोणी ठाम 'हो' किंवा 'नाही' म्हणाले तर त्यांना विचारा, कुठल्या सापाबद्दल?

एकाच जातीच्या सापाचे विष मुलखागणिक बदलते, ही गोष्ट आता वादाची नाही. विष म्हणजे डझनावारी प्रथिनांचे मिश्रण. खाद्य, हवामान, सापाचे वय, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा गेली काही वर्षे हेच तपासते आहे. त्यांच्या गटाने देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले, तेव्हा कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा जोर जास्त दिसला. म्हणजे घोणस एकच, पण रुग्णाला होणारा त्रास वेगळा असू शकतो.

लसीसाठी याचा अर्थ काय? घोड्याने जे प्रथिन पाहिलेच नाही, त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होत नाही. जे प्रथिन थोडे वेगळे आहे त्याला प्रतिपिंड चिकटते, पण सैलसर. त्यात भर अशी की नाग आणि मण्यार यांच्या विषातली सर्वांत घातक प्रथिने आकाराने फार लहान असतात आणि लहान प्रथिनांना घोड्याचे शरीर मुळातच कमी दाद देते. म्हणून एकाच कुपीत घोणशीविरुद्धची ताकद बरी आणि नागाविरुद्धची बेताची, असे होऊ शकते.

प्रत्यक्षात याचा फटका बहुधा 'लस अजिबात चालली नाही' असा दिसत नाही. तो 'दहाऐवजी वीस कुप्या लागल्या' असा दिसतो. जादा कुप्या म्हणजे जादा खर्च, घोड्याचे जादा प्रथिन, जादा रिॲक्शन आणि शेवटी तालुक्याच्या साठ्यात खडखडाट. त्यामुळे लसीची परिणामकारकता मोजताना मृत्यूंइतकाच दर रुग्णामागे लागलेल्या कुप्यांचा आकडा पाहायला हवा. हा आकडा प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदवहीत आधीपासून असतो. तो कोणी जिल्हावार, सापवार मांडत नाही, एवढेच.

मग महाराष्ट्रातल्या सापांचे विष वापरून लस का बनवत नाहीत?

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप पकडायला आणि विष काढायला परवानगी लागते, ती सहज मिळत नाही. मिळाली तरी साप निरोगी ठेवणे, विष काढून लगेच गोठवून सुकवणे, प्रत्येक नमुन्याची नोंद ठेवणे, हे सगळे लागते. सर्पमित्राच्या बरणीतले विष यासाठी चालत नाही. तो नमुना कुठून आला, किती जुना, कोणत्या सापाचा, याचा दाखला नसतो. शिवाय विनापरवाना विष काढणे आणि बाळगणे गुन्हा आहे.

दुसरा मार्ग आहे. लस आहे तीच राहू द्या, पण विभागवार विषांचे प्रमाणित नमुने सरकारने जमवावेत आणि प्रत्येक बॅच त्यांच्यावर तपासावी. निदान विदर्भात किती आणि कोकणात किती कुप्या लागतील ते तरी कळेल. २०२४ साली केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. विभागवार विषांशिवाय ते उद्दिष्ट गाठणे मला कठीण दिसते.

चार सोडून इतर विषारी सापांचे काय?

इथे लसीची मर्यादा स्पष्ट आहे. पश्चिम घाटात आणि गोव्यात हिरवा चापडा आणि मलबारी चापडा सापडतो. त्यांच्या चाव्याने सूज आणि वेदना भरपूर, जीव क्वचित जातो. ही लस त्यांच्यासाठी बनलेलीच नाही. केरळात जास्त दिसणारा वर नाक उचललेला छोटा पिट व्हायपर कधीकधी मूत्रपिंडे निकामी करतो, त्यावरही आपली लस चालत नाही. राजस्थानच्या वाळवंटातली सिंध मण्यार आणि ईशान्येकडचा, फण्यावर एकच वर्तुळ असलेला नाग यांच्या बाबतीत सुनगर यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडलेले निष्कर्ष चिंता वाटावी असेच होते.

दुसऱ्या देशात भारतीय लस फसली असे ऐकले. खरे आहे?

खरे आहे, आणि ती गोष्ट मुळातून समजून घेण्यासारखी आहे. घानाच्या ग्रामीण भागात आफ्रिकी फुरशाच्या दंशावर आधी वापरात असलेली लस मिळेनाशी झाली, म्हणून भारतीय बनावटीची स्वस्त लस आणली गेली. मृत्यूचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेले. २००८ साली ते प्रसिद्ध झाले. साप फुरशाच्याच कुळातला, पण विष वेगळे. तिथल्या सापाच्या विषावर आधी तपासून पाहिले असते तर हे टळले असते.

शंभर वर्षांपूर्वीही हेच झाले होते. फ्रान्सचे शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत म्हणत होते की नागाच्या विषावर केलेली लस सगळ्या सापांवर चालेल. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन आणि भारतात जॉर्ज लॅम्ब यांनी ते चालत नसल्याचे दाखवून दिले.

रुग्णाला लस लागू पडते आहे हे कसे कळते?

घोणस आणि फुरसे असेल तर रक्त सांगते. दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग एकदाच तिरके करायचे. गुठळी नसेल तर विष रक्तात काम करत आहे. लस दिल्यावर वाहणारे रक्त पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात थांबू लागते, पण गुठळी व्हायला तीन ते नऊ तास जातात. कारण लस विष थांबवते, खर्च झालेले गोठणघटक यकृताला नव्याने बनवावे लागतात. म्हणून ही चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात आणि तेव्हाही रक्त पातळच असेल तर पुढच्या कुप्या देतात. तासाभरात 'अजून रक्त गोठत नाही, लस बोगस आहे' असा आरडाओरडा करण्यात अर्थ नाही.

नळी साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल, किंवा प्लास्टिकची असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही. अशा नळीवर भरवसा ठेवून लसीला नावे ठेवलेली पाहिली आहेत. शंका आली तर सोबत आलेल्या धडधाकट नातेवाइकाचे रक्त शेजारी तपासून बघावे.

नाग असेल तर पापण्या बघायच्या. लस आणि सोबत निओस्टिग्मिन व ॲट्रोपिन दिल्यावर मिटलेले डोळे कधी अर्ध्या तासात, बहुधा काही तासांत उघडू लागतात.

मण्यार चावली, लस वेळेवर दिली, तरी श्वास बंद पडला. लस खराब होती का?

बहुधा नाही. मण्यारीच्या विषातला मुख्य घटक मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतो. एकदा तो आत शिरला की लस त्याला बाहेर काढू शकत नाही. ते टोक पुन्हा वाढायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस माणसाला श्वास देत राहणे हाच उपचार. व्हेंटिलेटर नसेल तर अंबू बॅग हाताने दाबत नेऊन पुढच्या रुग्णालयात पोचवायचे. लसीचे काम रक्तात फिरत असलेल्या विषापुरते. म्हणूनच मण्यारीत लवकर दिलेली पहिली लस फार मोलाची आणि लकवा पूर्ण झाल्यावर ओतलेल्या कुप्या जवळपास वाया.

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना नाही, खूण नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. माणूस उशिरा पोचतो आणि दोष लसीवर येतो.

लस दिल्यावर थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या. म्हणजे दर्जा वाईट?

घोड्याचे प्रथिन आहे, रिॲक्शन येणारच. श्रीलंकेत भारतीय बनावटीचीच लस वापरतात. तिथे सुमारे हजार रुग्णांच्या चाचणीत चारांपैकी तिघांना लहानमोठी रिॲक्शन आली. त्याच चाचणीत, लसीआधी ॲड्रेनॅलिनचा छोटा डोस त्वचेखाली दिला तर गंभीर रिॲक्शन कमी होतात, हेही दिसले. शुद्धीकरण सुधारायला वाव आहे यात शंका नाही. पण रिॲक्शनची भीती धरून लस न देणे ही मोठी चूक. ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचे, आली की मांडीत द्यायचे, लस थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू करायची. हातावर थेंब टोचून आधी चाचणी करण्याची जुनी पद्धत काहीच सांगत नाही, फक्त वेळ घालवते.

पावडरची चांगली की पातळ?

ताकद सारखीच. पातळ लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, वीज जाणाऱ्या गावात पावडर सोयीची. पावडर विरघळवताना कुपी जोरात हलवायची नाही, फेस होतो. हळूहळू फिरवायची. गढूळ दिसली तर वापरायची नाही.

माणसांवर रीतसर चाचण्या का होत नाहीत?

विषबाधा झालेल्या माणसाला नुसते सलाइन देऊन तुलना करता येत नाही, म्हणून. पण जास्त मात्रा विरुद्ध कमी मात्रा, एक लस विरुद्ध दुसरी, अशा तुलना करता येतात. विंचवाच्या बाबतीत आपल्याकडे नमुना आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ७० रुग्णांत नुसते प्राझोसिन हे औषध विरुद्ध प्राझोसिन आणि विंचवाची भारतीय लस अशी तुलना केली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केली. लस मिळालेले लवकर बरे झाले. कोकणातल्या एका खासगी रुग्णालयात हे जमले. सापाच्या लसीसाठी जिल्हा रुग्णालयांनी मिळून असे काम करणे अशक्य नाही.

नवीन काय येते आहे?

घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडे. २०२४ मध्ये बेंगळुरू आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी असे एक मानवी प्रतिपिंड मांडले, जे नाग-मण्यार कुळातल्या एका मोठ्या विषगटाला उंदरांत अडवते. घोणस-फुरशावर त्याचा उपयोग नाही. व्हॅरेस्प्लॅडिब नावाच्या गोळीच्या चाचण्या भारतातही झाल्या. वाटेत देता येईल असे औषध म्हणून तिच्याकडे लक्ष आहे. यातले काहीही अजून तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात नाही.

लसीचा गुण आला नाही अशी शंका असेल तर तक्रार कुठे करायची?

केस पेपरवर कंपनीचे नाव, बॅच क्रमांक, मुदत, किती कुप्या किती वाजता दिल्या आणि रक्ताच्या चाचणीचे निकाल वेळेसह लिहून घ्यायला सांगा. रिकाम्या कुप्या टाकण्याआधी त्यांचा फोटो काढा. औषधाची रिॲक्शन किंवा गुण न येणे, दोन्हींची नोंद भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध दक्षता कार्यक्रमाकडे करता येते. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टर करू शकतात, परिचारिका करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. बॅच क्रमांक नसेल तर त्या तक्रारीवर पुढे काहीच करता येत नाही.